पहिलं पेज टेबल कोण लिहितो?

कुठला पत्ता मेमरीत नेमका कुठे आहे, हे सांगणारं पेज टेबल कर्नलला जागं होताच लागतं. पण टेबल लिहायलाही मेमरीच हवी! लिनक्समध्ये पहिल्या टेबलांची जागा कर्नलच्या फाइलीतच राखलेली असते. एका टेबलात ५१२ नोंदी, ४०९६ बाइट.

आता गंमत बघा. टेबल बदललं तरी प्रोसेसर पुढची सूचना जुन्याच पत्त्यावर शोधतो. तिथे काही नसेल तर सगळं कोसळलं. म्हणून आपण तीच जागा थोडा वेळ दोन पत्त्यांवर लावतो, जुन्या आणि नव्या.

एकाच यंत्रावर अनेक कर्नल पोसणाऱ्या झेनमध्ये (२००३) पाहुण्या कर्नलला पहिलं टेबल तयार मिळतं. वाचता येतं, लिहिता येत नाही. आपल्या आशागडात सातबारा वाचायला कुणाची ना नाही, पण नोंद बदलायची तर तलाठ्याकडे फेरफार, तसंच हे. कर्नल विनंती करतो, झेन तपासतं, मग नोंद. नाहीतर एखाद्या पाहुण्याने शेजाऱ्याची मेमरी स्वतःच्या नावावर लावली असती.

पुढे एएमडीने २००७ मध्ये, इंटेलने २००८ मध्ये दुसरा थर प्रोसेसरमध्येच आणला. पाहुणा आता टेबल स्वतः लिहितो. त्याला 'खरा' वाटणारा पत्ता खाली पुन्हा बदलतो. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे माया आठवणारच! पण ही माया फुकट नाही: दोन्ही टेबलं ४ पातळ्यांची असली तर एक पत्ता उलगडायला २४ वेळा मेमरी वाचावी लागू शकते. टीएलबी ही उत्तरं साठवून ठेवतो, म्हणून परवडतं.