भिंतीवरील सरळ रेघ आणि रंगाऱ्याची टेप

पावसाळा ओसरतो, भिंतींतील ओल हळूहळू आटू लागते आणि दिवाळीपूर्वी घर व पेढी रंगवून घेण्याचे बेत घरोघरी आखले जातात. व्यापारी कुटुंबांत या कामाला दुहेरी महत्त्व असते. वहीपूजनाच्या दिवशी आप्तेष्ट, अडते, जुने गिऱ्हाईक अशा सर्वांची पावले दुकानाला लागतात आणि तेथील स्वच्छता ही मालकाच्या व्यवस्थितपणाची खूण मानली जाते. रंगाची छटा कोणती असावी यावर आठवडाभर खल होतो, डब्यांचा भाव चार ठिकाणी विचारला जातो. काम पुरे झाल्यावर मात्र पाहणाऱ्याची नजर दोन रंग जेथे भेटतात त्या कडेवर खिळते. भिंत आणि छत यांच्या सांध्यावर रंग वेडावाकडा गेला असेल, दाराच्या चौकटीवर डाग उडाले असतील किंवा पट्ट्याची कड करवतीच्या दातांसारखी दिसत असेल, तर उंची रंगही उणा भासतो.

या कडेचे रक्षण करते ती मास्किंग टेप. एकूण खर्चात तिचा वाटा अगदी अल्प असतो आणि बहुधा त्यामुळेच तिची निवड, ती लावण्याची रीत आणि ती काढण्याची वेळ या तिन्ही गोष्टींकडे दुर्लक्ष होते.

टेपपूर्वीची रेघ

जुन्या वाड्यांत, शाळांत आणि पेढ्यांत भिंतीचा खालचा भाग ऑइलपेंटने रंगवून वर चुना किंवा डिस्टेंपर देण्याची पद्धत होती. दोन्हींच्या सीमेवर बोटभर जाडीची गडद रेघ असे. त्यासाठी रंगारी दोन टोकांना खुणा करून रंगीत भुकटी लावलेले सूत ताणीत आणि भिंतीवर सूत मारीत. त्या खुणेवर लाकडी पट्टीच्या आधाराने बारीक ब्रश चालवला जाई. हे हातकौशल्याचे काम होते. आजही निष्णात रंगारी टेपशिवाय स्वच्छ कड धरू शकतो, परंतु ठरलेल्या मुदतीत अनेक खोल्या उरकायच्या असतात तेव्हा टेपचाच आधार घ्यावा लागतो.

मोटारीच्या कारखान्यातील वचन

ही टेप प्रथम निर्माण झाली मोटारींसाठी. १९२० च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची आवड बळावली. एक रंग देताना दुसरा भाग झाकावा लागे आणि त्यासाठी कारागीर जुनी वर्तमानपत्रे व जाड कागद सरसाने चिकटवीत. कागद काढताना खालचा रंगही सोलून निघे आणि सारे काम पुन्हा करावे लागे.

मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील एक कंपनी त्या काळी मुख्यतः पॉलिश पेपर तयार करीत असे. तीच आजची ‘थ्री एम’. तिच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड ड्र्यू हा तरुण साहाय्यक पॉलिश पेपरचे नमुने घेऊन मोटारी रंगवणाऱ्या कारखान्यात जाई. कारागिरांचा संताप पाहून त्याने यावर उपाय शोधून देण्याचे वचन दिले. उपाय त्याच्याजवळ नव्हता. अडचण कोणती, एवढेच त्याला नेमके कळले होते. टेपने घट्ट चिकटावे आणि नंतर काही मागे न ठेवता निघून यावे, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा एकाच पट्टीकडून होत्या.

बरेच प्रयोग फसल्यावर कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांनी त्याला पुन्हा पॉलिश पेपरच्या कामाकडे वळण्यास सांगितले. ड्र्यूने प्रयोग सोडले नाहीत. पुढे यंत्रासाठी पैसे नाकारले गेले, तेव्हा स्वतःच्या अधिकारात १०० डॉलरपर्यंत खरेदी करता येते हे जाणून त्याने ९९ डॉलरची अनेक मागणीपत्रे काढली, असे सांगितले जाते. अखेर १९२५ मध्ये चुणीदार क्रेप कागदावर सरस आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण लावलेली मास्किंग टेप सिद्ध झाली. चुण्यांमुळे कागद थोडा ताणता येई आणि वळणावरही बसे.

तिच्या आरंभीच्या नमुन्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. काटकसर म्हणून त्या पट्टीच्या केवळ दोन्ही कडांना चिकट द्रव्य लावले होते. ती गळून पडताच एका रंगाऱ्याने ड्र्यूला सुनावले की, ही पट्टी तुझ्या ‘स्कॉच’ मालकांकडे परत ने आणि सगळीकडे डिंक लावायला सांग. त्या काळी या शब्दाचा उपहासाने चिक्कू असा अर्थ घेतला जाई. पुढे तेच नाव कंपनीच्या टेपचे व्यापारचिन्ह झाले.

टेपची निवड

हार्डवेअरच्या दुकानात सामान्यतः दोन प्रकार मिळतात. पिवळसर कागदी टेप स्वस्त असते. ती एका दिवसाच्या कामाला पुरेशी ठरते. पण उन्हात किंवा उष्ण खोलीत अधिक काळ राहिली की तिचा डिंक भिंतीवर उरतो आणि कागद तुकड्यातुकड्यांनी निघतो. रंगकामासाठी बनवलेली निळी टेप महाग असली तरी तिचा चिकटपणा मोजका असतो. ती काही दिवस राहिली तरी सहसा स्वच्छ निघते. पार्सल बांधण्याची तपकिरी प्लास्टिक टेप मात्र भिंतीवर कधीही लावू नये.

चुना किंवा साधे डिस्टेंपर यांच्यावर कोणतीही टेप जपूनच वापरावी, कारण तो थर भिंतीला घट्ट धरून नसतो आणि टेपबरोबर निघून येतो. आधी अंधाऱ्या कोपऱ्यात वीतभर तुकडा चिकटवून काढून पाहावा. त्याला भुकटी किंवा पोपडा लागून आला, तर त्या भिंतीला प्रथम खरवडणे, पुट्टी आणि प्रायमर यांची गरज आहे.

लावणे, रंगवणे, काढणे

पावसाळ्यानंतर भिंत पूर्ण वाळल्याखेरीज टेप लावू नये. पॉलिश पेपर मारल्यावर उरलेली धूळ कोरड्या फडक्याने पुसावी, कारण धुळीवर टेप बसत नाही. नव्याने दिलेल्या रंगावर टेप लावायची असल्यास निदान २४ तास जाऊ द्यावेत. आडवा पट्टा काढताना छतापासून अंतर मोजण्याऐवजी पाणसळीने खुणा कराव्यात. जुन्या इमारतींची छते क्वचितच समपातळीत असतात.

टेप दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत, न ताणता लावावी. ताणून लावलेला क्रेप कागद आखडतो आणि कड उचलली जाते. मग पुट्टीच्या पात्याने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने रंगाच्या बाजूची कड दाबून घ्यावी.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि स्वच्छ रेघेचे खरे मर्म तिच्यातच आहे. भिंत कितीही गुळगुळीत भासली तरी तिच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि रंग तेथून टेपखाली झिरपतो. म्हणून टेपच्या कडेवर प्रथम भिंतीच्या मूळ रंगाचाच एक पातळ हात द्यावा. पांढऱ्या भिंतीवर निळा पट्टा हवा असेल, तर टेप लावल्यावर कडेने आधी पांढरा रंग फिरवावा. जे झिरपायचे ते पांढरेच झिरपते, पांढऱ्यावर ते दिसत नाही आणि खळगे बुजतात. तो वाळल्यावर दिलेल्या निळ्या रंगाला आत शिरण्यास वाट उरत नाही.

मुख्य रंग एका जाड थराऐवजी दोन पातळ हातांत द्यावा. ब्रश टेपवरून भिंतीकडे ओढावा. टेपच्या कडेखाली रंग लोटला जाईल असा चालवू नये.

शेवटचा हात दिल्यावर रंग किंचित ओलसर असतानाच टेप काढावी. पूर्ण वाळलेला रंग भिंतीवर आणि टेपवर मिळून एकच पापुद्रा बनवतो आणि टेप ओढताच कडेचा रंग फाटून येतो. उशीर झालाच तर कडेवरून धारदार पाते हलकेच फिरवून मग टेप सोडवावी. काढताना टेप स्वतःवरच दुमडून, सुमारे ४५ अंशांच्या कोनात, सावकाश ओढावी.

व्यवहाराची बाजू

रेघ बिघडली की दोष रंगाऱ्यावर जातो. पुष्कळदा त्याचे मूळ ठरावात असते. मालासह चौरस फुटाचा दर ठरवून तो घासून कमी केला, तर रंगारी बचत करणार ती टेप, पॉलिश पेपर आणि वेळ यांतच. फक्त मजुरी ठरली असेल तर टेप कोणी आणायची हे कोणी बोलत नाही आणि ऐन वेळी जवळच्या दुकानातील सर्वांत स्वस्त गुंडाळी येते. टेप कोणत्या प्रकारची, किती आणि कोणाच्या खर्चाने, कडेला मूळ रंगाचा हात द्यायचा की नाही, टेप काढण्याचे काम कोणाचे, या गोष्टी आगाऊ रकमेसोबतच कागदावर लिहून घ्याव्यात. दिवाळी तोंडावर आली म्हणून वाळण्याचा वेळही छाटू नये. रात्री दिवा बंद करून ‘टेप उद्या काढू’ असे म्हटले, की दुसऱ्या दिवशी वाळलेला रंग तिच्याबरोबर निघतो.

हिशेब चुकता करण्यापूर्वी प्रत्येक कड दिवसाच्या उजेडात एकदा पाहून घ्यावी. बारीक दुरुस्ती लहान ब्रशने अर्ध्या तासात होते. रंगारी दुसऱ्या कामावर गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी अनेक दिवस वाट पाहावी लागते.