गाणे विकावे की खंडाने द्यावे?

जमीन विकणे आणि खंडाने देणे यांतला फरक आपणांस सांगायला नको. गाण्याचेही तसेच आहे. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी स्वतः गाणी रचत असेल, तर हे ध्यानात घ्यावे.

जाहिरात वा मालिका करणाऱ्यांना तयार संगीत लागते. ते वापरण्याचा परवाना विकणाऱ्या पेढ्या इंटरनेटवर आहेत. माल कलावंताचा, अडत पेढीची, असा हा व्यवहार. अमेरिकेतील पंप ऑडिओ ही अशीच पेढी. ती गाण्याची मालकी कलावंताकडेच ठेवी आणि आलेला पैसा निम्मानिम्मा वाटून घेई. 2007 मध्ये गेटी इमेजेस कंपनीने ती 4 कोटी 20 लाख डॉलरला विकत घेतली. गेटीकडे छायाचित्रे घेणारे गिऱ्हाईक आधीचेच होते. त्यांनाच आता संगीतही देता आले. पण 2009 मध्ये कलावंताचा वाटा 35 टक्क्यांवर आणला गेला. अडत्या बदलला की अडतही बदलते, ती अशी!

म्हणून सहीपूर्वी विचारा : हक्क कायमचा जातो की मुदतीपुरता? वाटा किती? तो पुढे कमी करता येतो का? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी व सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती 5 वर्षे धरली जाते. कोणी ‘कायमचे’ लिहून मागत असेल, तर घाई करू नका. सातबारा जसा डोळ्यांत तेल घालून पाहता, तसाच हा कागदही पाहा.