घाटावर बुजणारी घोडी : तिची भीती कशी घालवावी

खंडोबाचे वाहन घोडा. आकुर्डीचा खंडोबाचा माळ आज कारखान्यांनी व हमरस्त्यांनी वेढला गेला आहे. तथापि नजीकच्या चिखली-मोशी भागात व पलीकडे खेड, मावळ या तालुक्यांत यात्रेच्या निमित्ताने बैलगाड्यांच्या शर्यती होतात आणि गाड्यापुढे घोडी पळविण्याची चाल कायम आहे. बैल घोडीच्या मागोमाग धावतात. म्हणून घोडी ऐन वेळी बुजून थबकली किंवा आडवी वळली, तर मागून भरधाव येणारे बैल तिच्यावर आदळतात. स्वार पडतो, जनावरे जायबंदी होतात आणि कडेला उभ्या असलेल्या लोकांच्या जिवावर बेतते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने या शर्यती बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना पुन्हा परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या काळात जन्मलेल्या शिंगरांना घाटाची सवय लागण्याची संधीच मिळाली नव्हती. अशा घोडीला एकदम गर्दीत नेणे धोक्याचे असते.

घोडी का बुजते?

घोडा हा मुळात माळरानावर कळपाने राहणारा व संकटाची चाहूल लागताच पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे व शेपटीमागचे दिसत नाही. उन्हातून सावलीत गेल्यावर त्याची दृष्टी स्थिरावण्यास माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. त्यामुळे मंडपाची सावली, फडफडणारे निशाण, ध्वनिक्षेपकाचा आवाज व उधळलेला भंडारा या आपणांस क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी घोडी भेदरते. ज्या जागी एकदा भय वाटले, ती जागा ती विसरत नाही. मालक ज्यास हट्ट म्हणतो, ती बहुधा भीतीच असते.

अशा वेळी चाबूक मारल्यास त्या जागेच्या भीतीत माराच्या भीतीची भर पडते. तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात हेच सांगितले आहे : भीतिदायक वाटणाऱ्या वस्तूस स्वाराने प्रथम स्वतः हात लावावा व घोड्यास हळूहळू तिच्याजवळ न्यावे. शिवाय जनावरास मारहाण करणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे.

सवय लावण्याची रीत

१. प्रथम पशुवैद्यकाकडून डोळे, दात, खूर व पाठ तपासून घ्यावी. खोगीर किंवा लगाम टोचत असल्यास कोणतीही शिकवण फुकट जाते.

२. यात्रेपूर्वी काही आठवडे, घाट मोकळा असताना, घोडीस मोहरकी घालून पायी न्यावे. सोबत एखादा शांत व ओळखीचा घोडा असावा.

३. तिचे कान रोखले गेले, मान ताठ झाली व नाकपुड्या फुगल्या की तेथेच थांबावे. धरणाऱ्याने समोर उभे न राहता खांद्याशी राहावे, दोर हातास गुंडाळू नये. तिला पाहू द्यावे, हुंगू द्यावे.

४. आयाळ संपते तेथे पाठीच्या उंचवट्यावर हाताने खाजवावे. घोडे एकमेकांना तेथेच कुरवाळतात आणि त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावतात. मान खाली आली, ती ओठ चघळू लागली की चार पावले पुढे जावे व लगेच मागे फिरावे.

५. शिकवण थोडा वेळच द्यावी आणि घोडी शांत असतानाच थांबवावी. परतण्यापूर्वी थोडी चंदी तेथेच खाऊ घालावी.

६. पायी चालताना ती निर्धास्त झाली म्हणजेच स्वार व्हावे. प्रथम चाल, नंतर दुडकी व शेवटी दौड. निशाण, ध्वनिक्षेपक व माणसे यांची भर एकेक करून, दुरून व हळूहळू घालावी. भीती परतल्यास एक पायरी मागे यावे.

विश्रांतीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. ती खालच्या जबड्याच्या आतील कडेवर बोटे ठेवून मोजता येते. घाटाकडेला उभ्या असलेल्या घोडीची नाडी बराच वेळ विश्रांती घेऊनही उतरत नसेल, तर त्या दिवशी तिला पळवू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात्रा समितीस सांगून घाट काही दिवस आधी घोड्यांच्या सरावासाठी मोकळा ठेववावा. मंडप व ध्वनिक्षेपक धावपट्टीपासून दूर ठेवण्याची सूचना द्यावी. यात्रेचा दिवस उजाडला तरी घोडी तयार नसेल, तर तिला घरी ठेवण्यात मालकाचा कमीपणा नाही. एका यात्रेची हौस राहिली तर पुढील यात्रेत भागविता येईल. परंतु मोडलेला पाय किंवा गेलेला जीव परत मिळत नाही.