अडलेलं जठर, बधिर तळवे

रात्री आठला खाल्लेली पोळी पहाटे उलटीतून जवळजवळ तशीच बाहेर पडते आणि घरातले म्हणतात, ‘पित्त झालंय.’ माणसाला दहा-पंधरा वर्षं मधुमेह असेल, तर इतक्यावर थांबू नये. जठराच्या हालचालीवर व्हेगस या मज्जातंतूचा ताबा असतो. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हा तंतू दुबळा होतो आणि जठर अन्न पुढे ढकलेनासं होतं. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. चार घासांत पोट भरणं, मळमळ, फुगलेलं पोट ही त्याची लक्षणं. पित्ताच्या गोळीने जठराला वेग येत नाही. आधी एंडोस्कोपी करून वाटेत अडथळा नाही ना ते पाहतात, मग अन्न किती वेगाने पुढे सरकतं ते मोजतात. चार तासांनंतरही 10 टक्क्यांहून जास्त अन्न जठरातच असेल, तर निदान पक्कं.

यानंतरचा गैरसमज सगळ्यात त्रासदायक, कारण तो चांगल्या सल्ल्यातूनच आलेला आहे. ‘साखर आहे ना, मग कोशिंबीर खा, मोड आलेली मटकी खा, भात बंद करा.’ बहुतेक मधुमेहींना हे लागू पडतं. जठर मंदावलेल्याला मात्र हाच आहार बाधतो. चोथा आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही जठराला आणखी संथ करतात. चोथ्याचा तर आत गोळाही होऊ शकतो, म्हणून अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोलही घेऊ नये. त्याला सोसतं ते मऊ शिजलेलं, घोटलेलं अन्न: मुगाची पातळ खिचडी, साल-बिया काढलेल्या दुधीचं सार, ताक. तेही दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. घनापेक्षा पातळ अन्न सहज पुढे सरकतं. मधुमेह्याला मऊ भात वाढताना घरच्या माणसांचा हात अडखळतो, हे मला ठाऊक आहे. पण प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घेतलं, तर तो भात अपराध नाही. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र, तूप आणि दाण्याच्या कुटासकट, या जठराला फार जड.

‘जेवूनसुद्धा साखर उतरली, म्हणजे मशीनच बिघडलं.’ मशीन बरोबर असू शकतं. इन्सुलिन वेळेवर कामाला लागलं, पण जेवण अजून जठरातच पडून आहे. मग साखर आधी कोसळते आणि काही तासांनी एकदम चढते. अशा वेळी इन्सुलिनची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनी बदलून द्यावी लागते. साखर 70च्या खाली गेली, तर पेढा किंवा बिस्किट देऊ नका. ग्लुकोज पाण्यात कालवून द्या.

मधुमेह्याला जुलाब होत असतील, तर दोष कधी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच गोळीचा असतो. ती गोळी आपल्या मनाने सोडू नये. जेवणासोबत घेतली किंवा सावकाश विरघळणारी गोळी लिहून घेतली, तर बऱ्याचदा निभावतं. हीच गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-12 घटू शकतं, आणि शाकाहारी घरांत ते मुळात कमी असतं. त्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात, म्हणून ‘साखरेच्याच मुंग्या’ असं ठरवण्याआधी बी-12 तपासून घ्या.

पायांबद्दल ऐकू येतं, ‘दुखत नाही, म्हणजे पाय उत्तम.’ डॉ. पॉल ब्रँड 1946मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना त्यांना दिसलं, की वेदना नाहीशी झाली की माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो आणि तिथे जखम होते. मधुमेह्याच्या बधिर पायाचंही तेच होतं. देवळाच्या तापलेल्या फरशीवरची प्रदक्षिणा, शेकायला ठेवलेली गरम पाण्याची पिशवी, चपलेत शिरलेला खडा, यांतलं काही जाणवत नाही आणि फोड दिसतो दुसऱ्या दिवशी. म्हणून रोज रात्री आरसा धरून तळवे पाहायचे, घरातही अनवाणी फिरायचं नाही. एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपलेचा मऊ रबरी तळ तळव्यावरचा दाब पसरवून देतो. दिसायला साधी असली, तरी ती चप्पल औषधाइतकी मोलाची आहे.

मग चालणंच सोडायचं का? बिलकूल नाही. जखम नसेल आणि पादत्राणं योग्य असतील, तर मध्यम वेगाने चालल्यामुळे बधिर पायावर जखमांचा धोका वाढत नाही. उघडी जखम असेल, तर ती भरेपर्यंत त्या पायावर भार नको. अंथरुणातून उठताना चक्कर येत असेल, तर आधी दोन मिनिटं काठावर बसा. उभं राहताना रक्तदाब सावरणारे तंतूही मधुमेहात दुबळे होतात.

आणि पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्या पावलापेक्षा गरम लागलं, पण दुखणं मात्र बेताचंच असलं, तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून लेप लावून चालत राहू नका. तो शार्को फूट असू शकतो. त्यात हाडं आतल्या आत मोडतात आणि पाऊल कायमचं वाकडं होऊ शकतं. त्या क्षणापासून पाऊल जमिनीला टेकवायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.