बोकडाचें कुत्रें कसें होतें?

हितोपदेशांतील बोकड खांद्यावर घेऊन निघालेल्या ब्राह्मणाची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? एकेका कोसाच्या अंतरानें तीन धूर्त उभे राहिले. प्रत्येकानें एकच प्रश्न केला, "महाराज, हें कुत्रें खांद्यावर कां?" तिसऱ्या प्रश्नानंतर ब्राह्मणानें बोकड टाकला, स्नान केलें आणि तो घरीं गेला. लहानपणीं आपण त्या भोळ्या ब्राह्मणास हंसलों. परंतु या गोष्टींतील खरें मर्म त्या कोसाच्या अंतरांत आहे. तिघे एकत्र भेटते तर त्यास संशय आला असता. वेगवेगळ्या ठिकाणीं भेटल्यामुळें एकाच कटाचीं तीन मुखें त्याला तीन स्वतंत्र साक्षी वाटलीं.

आजच्या प्रचाराचें आणि जाहिरातीचें बहुतेक शास्त्र एवढ्यांत आलें. सकाळीं वर्तमानपत्रांत, दुपारीं दूरचित्रवाणीवर आणि रात्रीं भ्रमणध्वनीवरील फिरत्या संदेशांत एकच वाक्य भेटलें, कीं "सगळेच म्हणतात" असें आपण म्हणूं लागतों. तीं तिन्ही वाक्यें एकाच मुखांतून निघालीं असतील, हें आपल्या मनांतही येत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं या विषयाचा फार बारकाईनें विचार केला होता. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत गौतमांनीं 'वादा'बरोबर 'जल्प' आणि 'छल' यांसही स्थान दिलें आहे. सत्य शोधण्यासाठीं बोलणें तो वाद आणि केवळ जिंकण्यासाठीं बोलणें तो जल्प. छलाचे प्रकार तीन. शब्दाच्या दोन अर्थांचा लाभ उठविणें हा वाक्छल. एखाद्याच ठिकाणीं संभवणारी गोष्ट सर्वत्र लागू करणें हा सामान्यछल. आणि अलंकारिक बोलणें व शब्दशः अर्थ यांची अदलाबदल करणें हा उपचारछल. हे प्रकार सभेंतील प्रतिपक्ष्यासाठीं सांगितलेले असले, तरी बाजारांतही ते तसेच ओळखूं येतात.

ही विद्या आम्हीं आयुष्यभर वर्गांत सांगितली आणि तरीही आम्ही फसलों. आमचा एक जुना विद्यार्थी मानवत तालुक्यांत कोरडवाहू कापूस करतो. मृगाच्या तोंडावर तो एक रंगीत पत्रक घेऊन आला. "गुरुजी, एवढं वाचून सांगा बरं, घ्यावं का हे बियाणं?" पत्रकांत बोंडांनीं लवलेलें झाड होतें, एका हंसतमुख शेतकऱ्याची साक्ष होती आणि "एकरीं २० क्विंटलपर्यंत" असें ठळक अक्षरांत छापलें होतें. भाषा शुद्ध होती. एकही ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. "ठीक दिसतें," आम्ही म्हणालों. त्यानें उसनवारी करून पिशव्या घेतल्या. त्या वर्षीं पावसानें मध्येंच ओढ दिली आणि एकरीं ५ क्विंटलही पदरांत पडले नाहींत.

नंतर आम्हीं तें पत्रक पुन्हां वाचलें. 'पर्यंत' हा वाक्छल होता. शून्यही विसांच्या आंतच असतें. तो हंसतमुख शेतकरी बागायतदार होता, हें एका कोपऱ्यांत बारीक टाइपांत छापलेलें होतें, हा सामान्यछल. 'पांढरें सोनें' हा उपचारछल. आणि आमचें "ठीक दिसतें" हें काय होतें? तें तिसऱ्या धूर्ताचें वाक्य होतें. वात्स्यायनभाष्यांत आप्ताच्या ठिकाणीं दोन गोष्टी अपेक्षिल्या आहेत: विषयाचें साक्षात् ज्ञान, आणि जसें जाणलें तसें सांगण्याची इच्छा. आमच्यापाशीं दुसरी होती, पहिली नव्हती. ज्यांच्यापाशीं पहिली आहे, तें कृषि विद्यापीठ १९७२ पासून परभणींतच आहे. त्यास तेथें पाठवावें, हें आम्हांस सुचलें नाहीं.

मोठ्या प्रमाणावर हेंच यवतमाळ जिल्ह्यांत घडलें. २००८ सालीं 'टाइम्स ऑफ इंडिया'नें भांबराजा आणि अंतरगांव या गांवांविषयीं बातमी दिली, कीं बीटी कापसानें तेथें समृद्धि आली आणि दोन्ही गांवांत एकही आत्महत्या झाली नाहीं. तो दौरा महिको-मोन्सँटो बायोटेक या कंपनीनें घडविला होता. २०११ सालीं तोच मजकूर जाहिरात म्हणून शब्दशः पुन्हां छापला गेला. मार्च २०१२ मध्यें संसदेची कृषिविषयक स्थायी समिति भांबराजास गेली, तेव्हां गांवकऱ्यांनीं तिला सांगितलें, कीं आमच्या गांवांत १४ आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनीं त्याच वर्षींच्या मे महिन्यांत हें सर्व 'द हिंदू'त उघड केलें. बातमी आणि जाहिरात हे दोन वाटसरू आपल्याला एकमेकांस अनोळखी वाटले होते. ते एकाच घरून निघाले होते.

राजकीय प्रचाराची रीतही हीच. १९४८ सालीं परभणी हैदराबाद संस्थानांत होती. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकेल, अशी गर्जना कासीम रझवी करीत असे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि पांचव्या दिवशीं युद्ध संपलें. त्या गर्जनेनें सर्वांत अधिक घात केला तो तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या साध्या माणसांचा.

तेव्हां घरांतील मुलांना, सुनांना आणि वृद्धांनाही चार प्रश्न शिकवावे. सांगणाऱ्यास यांत लाभ काय? जीं तीन मुखें ऐकूं येतात, तीं खरोखर वेगळीं आहेत का? आंकड्याला कोणता लहानसा शब्द चिकटला आहे? आणि "आजच घ्या" ही घाई कशासाठीं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दंड ठेवला आहे, आणि १९१५ या क्रमांकावर तक्रारही करतां येते. परंतु दंड होईपर्यंत पेरणीचा हंगाम निघून गेलेला असतो.

यंदा मृगापूर्वीं आमचा विद्यार्थी पुन्हां आला. हातांत नवें पत्रक होतें. या वेळीं चष्मा लावण्यापूर्वीं आम्हीं त्यास विचारलें, "हें तुला दिलें कोणीं?" आणि मग आम्ही दोघे मिळून विद्यापीठाच्या वाटेस लागलों.