तबकडीच्या दोन बाजू

पाश्चात्त्य रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. एखादे सुटे गाणे कानांवर पडून झालेला तो ग्रह असतो. या संगीतातील उत्तम कृती सुट्या गाण्यांतून नव्हे, तर ‘अल्बम’ म्हणजे संपूर्ण तबकडीतून कळतात आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणातही त्या अखंडच राहतात. माझ्या आवडीच्या तीन अल्बमांच्या आधारे हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम तबकडीविषयी थोडे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. आपल्या ख्यालगायकांनाही राग तेवढ्यात आटोपता घ्यावा लागे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एल. पी. आणली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. त्याहून फार भरावे, तर खाचा दाटीने कोराव्या लागतात व आवाज क्षीण होतो. शिवाय सुई मध्याकडे जाते तसतसा तिच्याखालील खाचेचा वेग घटतो आणि उंच स्वर बोथट होतात. म्हणून बाजूच्या अखेरीस पुष्कळदा शांत गाणे ठेवीत. नंतर उठून तबकडी उलटायची, म्हणजे नाटकासारखा मध्यंतर! दोन अंकांची ही रचना डोळ्यांसमोर ठेवूनच कलावंत काम करीत.

लालबागच्या आमच्या चाळीत हे संगीत आणले ते दादाने, माझ्या थोरल्या भावाने. वडील गिरणीत कामाला होते, दादा तिथेच बदली कामगार. १९७९ साली त्याने चोरबाजारातून जुना प्लेअर आणि चार-पाच तबकड्या आणल्या.

त्यांतली एक ‘बीटल्स’ची ‘ॲबी रोड’ (१९६९). तिच्या दुसऱ्या बाजूवर अर्धवट राहिलेली गाणी एकमेकांत गुंफून सुमारे सोळा मिनिटांची मालिका केली आहे. त्यांतले एकेक गाणे वेगळे काढले तर तुकडाच हाती येतो. ओळीने ऐकले की एकाचा शेवट दुसऱ्याची सुरुवात होतो. चाळीतल्या भजनी मंडळात एका अभंगावरून दुसऱ्यावर जाताना मृदंग थांबत नसे, तसाच हा प्रकार, असे दादा सांगे.

दुसरा ‘लेड झेपलिन’चा चौथा अल्बम (१९७१). याच्या वेष्टनावर ना अल्बमचे नाव, ना वादकांचे. पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला एक म्हातारा तेवढा दिसतो. अखेरचे गाणे मूळचे १९२९ सालचे, मिसिसिपी नदीच्या १९२७ मधील महापुरावरचे. ढोलांचा तो घुमणारा नाद मिळवण्यासाठी इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले आणि मायक्रोफोन वरून टांगले. हे वाचनात आल्यावर दादाने चाळीच्या लाकडी जिन्याखाली पत्र्याचा डबा बडवून पाहिला होता. नाद छान आला आणि तळमजल्यावरच्या काकूही बाहेर आल्या.

तिसरा, माझा सर्वांत लाडका, ‘पिंक फ्लॉइड’चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३). हृदयाच्या ठोक्यांनी तो सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. मधे काळ, पैसा, मृत्यू, वेड हे विषय येतात. काळाच्या गाण्याआधी असंख्य घड्याळे एकदम वाजू लागतात. ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने ती घड्याळांच्या दुकानात एकेक करून मुद्रित केली होती. वडील रातपाळी करून दिवसा झोपलेले असत. त्यामुळे तिथे आले की दादा आवाज पूर्ण बंद करी, मनात आकडे मोजी आणि पुन्हा हळूच वाढवी.

पहिली बाजू क्लेअर टोरी या गायिकेच्या शब्दविरहित आलापांनी संपते. त्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले. पुढे ती न्यायालयात गेली आणि २००५ मध्ये तडजोड होऊन रचनेच्या श्रेयात तिचे नाव आले. दुसरी बाजू पैशावरच्या गाण्याने उघडते. नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याच्या यंत्राचे आवाज फितीवर मोजून जोडले आहेत. गाण्याचा बराच भाग सात मात्रांचा असल्याने आपला रूपक जाणणाऱ्यास तो परका वाटणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमच्या घरचे दोघे. भोंगा थांबला, वडील दिवसा जागे राहू लागले. मग एका दुपारी दादाने घड्याळे प्रथमच पूर्ण आवाजात वाजवली. वडिलांनी ती ऐकली आणि म्हणाले, “एवढी घड्याळं! आणि कामावर जायचं कुणालाच नाही.”

त्या पावसाळ्यात प्लेअर विकला. तबकड्यांना भाव येईना म्हणून त्या राहिल्या. रात्री गॅलरीत अंथरुणावर पडून आम्ही अल्बम तोंडाने वाजवू लागलो. घड्याळे माझ्याकडे, गिटार दादाकडे. पहिली बाजू संपली की दादा म्हणे, “उलट,” आणि मी कूस बदलीत असे. प्लेअर नसतानाही सारा अल्बम आम्हांला क्रमाने येत होता, कारण मुळात तो क्रमाने रचलेला होता. सुटी गाणी असती तर त्यांतली निम्मी आम्ही विसरलो असतो.

वडिलांना गिरणीने पुन्हा घेतले नाही. दादा एका दुकानात हिशेब लिहू लागला. आज तो सत्तरीकडे झुकला आहे. माझ्या फोनवर आलाप संपताच नाणी खणखणू लागतात, तेव्हा तो म्हणतो, “अरे, उलटायला तरी वेळ दे.”

विद्यार्थिमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते : फोनवरील गाण्यांचा क्रम बदलण्याची सोय एकदा बंद करावी, ४३ मिनिटे मोकळी काढावी आणि हा अल्बम आरंभापासून ऐकावा. शेजारी कुणी असेल तर अधिक चांगले. मध्यावर मात्र थोडे थांबावे.