लिलीची पानं कापू नका!

चैत्र लागला की आमच्या सासूबाईंचा एकच प्रश्न असायचा, "लिली आली का गं?"

ही लिली म्हणजे हिरव्या जाड दांड्यावर कर्ण्यासारखी मोठी लाल फुलं येतात ती. नर्सरीत तिला अ‍ॅमारिलिस म्हणतात. आमचं सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. सासरे धरणावर नोकरीला होते, तेव्हा वसाहतीत कुणाची बदली झाली की सामान ट्रकमध्ये चढायचं आणि फुलझाडं शेजारणींच्या वाट्याला यायची. अशाच एका शेजारणीनं जाताना दिलेल्या दोन कांद्यांचे सासूबाईंनी सात केले होते.

2013 च्या सुरुवातीला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली, बोलणं हळू झालं, आणि कुंड्या माझ्याकडे आल्या. मला नीटनेटकेपणाची भारी हौस. त्या उन्हाळ्यात फुलं संपल्याबरोबर लोळणारी पानं कात्रीनं साफ केली. शेतातली काळीभोर माती आणून भरली. बाराही महिने रोज तांब्याभर पाणी. कुंड्या कशा छान दिसायच्या, फक्त फूल येईना. 2014 चा चैत्र कोरडाच गेला. 2015 मध्ये त्यांनी विचारलं तेव्हा मी चक्क खोटं बोलले, "आली होती आई, उन्हानं दोन दिवसांत गेली." त्यांनी नुसती मान हलवली.

मग आला दुष्काळ. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्याकडेही हंडे मोजून पाणी वापरत होतो. अशा वेळी फुलझाडाला पाणी घालायची लाज वाटायची. कुंड्या उचलून मागच्या पत्र्याच्या शेडखाली ठेवल्या आणि कांदे मेले असं धरून चालले.

मृगाचा पाऊस झाला आणि पाच कुंड्यांत हिरवी पानं वर आली! दोन कांदे मात्र आधीच्या माझ्या पाण्यानंच कुजले होते.

महालक्ष्म्यांच्या आधी अंगण आवरायला काढलं आणि सवयीनं पुन्हा कात्री हातात घेतली. आमच्या बचत गटातल्या एक मावशी हप्ता द्यायला आल्या होत्या. त्यांनी माझा हातच धरला. "ताई, हळदीचा पाला हिरवा कापला तर गड्डा पोसंल का?"

हिंगोली जिल्ह्यात हळद सगळीकडे. जूनमध्ये लावायची, पाला पिवळा पडून वाळू लागला की पाणी तोडायचं, मग काढायची. हे सगळं वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असून लिलीच्या बाबतीत मला सुचलं नव्हतं. त्या वर्षी पानं राहू दिली. दिवाळीनंतर मावशींच्या सांगण्यावरून पाणीही तोडलं. आणि 2017 च्या पाडव्यानंतर दोन कुंड्यांत दांडे आले, एकेकावर चार-चार फुलं!

कुंडी उचलून सासूबाईंच्या उशाशी नेली. त्यांनी चांगल्या हातानं एकेक फूल चाचपलं, मोजलं आणि म्हणाल्या, "मागं आली नव्हती ना?"

"नाही आई."

"मग नाही आली म्हणायचं. काय करायचं ते मी सांगितलं असतं."

मैत्रिणींनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल! चार वर्षं मी त्यांना वेळेवर औषध दिलं, जेवण भरवलं, कपडे बदलले. पण ज्या गोष्टीतलं त्यांना सगळं कळत होतं, ती मी एकदाही त्यांना विचारली नाही. अंथरुणावरच्या माणसाला काय विचारायचं, असंच मी मनाशी धरलं होतं.

पुढचं वर्षभर त्या सांगायच्या आणि मी करायची. ते असं.

फुलं सुकली की तेवढीच खुडायची, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही. दांडा आपोआप पिवळा पडला की मग कापायचा. पानांना हात लावायचा नाही. कांद्यात पुढच्या फुलाची कळी आधीपासूनच तयार होत असते. साधारण चार पानांमागे एक कळी, असा तिचा हिशेब. पानं जेवढी जोमदार तेवढा कांदा पोसतो.

माती एक घमेलं काळी, एक घमेलं वाळू आणि एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि कांदा सडतो. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवायचा. कुंडी कांद्यापेक्षा दोन बोटंच मोठी हवी. कांद्याची मान आणि वरचा थोडा भाग मातीच्या बाहेर राहिला पाहिजे.

पावसाळाभर सकाळचं ऊन मिळेल अशी जागा, महिन्यातून एकदा मूठभर शेणखत आणि चिमूटभर लाकडाची राख. युरियाचा मोह नको, नुसती पानंच माजतात. कुंडीत पाणी साचलं तर लगेच तिरपी करून ओतून टाकायचं. याच दिवसांत काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या अळ्या येतात आणि एका रात्रीत पानं फस्त करतात. पानं उलटून बघायची, अळ्या वेचायच्या आणि निंबोळी अर्क फवारायचा.

दिवाळीनंतर पाणी कमी करत बंद करायचं. कुंडी आडोशाला, कोरड्या सावलीत आठ-दहा आठवडे विसरून जायची. काही पानं हिरवीच राहिली तरी काळजी नको. संक्रांत झाली की वरची माती थोडी काढून नवं खत घालायचं, एकदा भरपूर पाणी द्यायचं आणि कोंब दिसेपर्यंत हात आवरायचा. औंढ्याला शिवरात्रीची जत्रा भरते, त्या सुमाराला कळीची चोच वर दिसू लागते. मग पाणी वाढवायचं.

दरवर्षी कांदा उपटायचा नाही. तीन-चार वर्षांनी कुंडी बदलायची. शेजारची पिल्लं लिंबाएवढी झाली की वेगळी करायची. त्यांना फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.

एक काळजी मात्र घ्या. हा कांदा खायच्या कांद्यासारखा दिसतो. 2009 सालच्या वर्गीकरणात तर शास्त्रज्ञांनी कांदा-लसूणही याच कुळात घातले. पण लिलीचा कांदा विषारी आहे. खाल्ला तर उलट्या होतात. मुलं आणि शेळ्या यांच्यापासून लांब ठेवा, आणि स्वयंपाकघरातल्या टोपलीजवळ तर मुळीच नको.

जाता जाता नावाबद्दल. आपल्या कुंडीतल्या लिलीचं शास्त्रीय नाव हिपिअ‍ॅस्ट्रम, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. अ‍ॅमारिलिस हे नाव आफ्रिकेतल्या तिच्या बहिणीचं, असा निवाडा 1987 साली झाला, पण बाजारानं काही तो ऐकला नाही. तिचा पहिला संकर 1799 च्या सुमाराला इंग्लंडमधल्या जॉन्सन नावाच्या एका घड्याळजीनं केला, लाल पाकळीवर मधोमध पांढरी रेघ असलेला. घड्याळजीच तो, वाट बघणं त्याला जमत असणार!

2018 च्या चैत्रात चार कुंड्या फुलल्या. सासूबाईंनी त्या पाहिल्या आणि त्याच पावसाळ्यात त्या गेल्या. तेव्हापासून गटातल्या ज्या बाईच्या घरी लेक जन्मते, तिला मी एक पिल्लू देते. पानं कापू नका, एवढंच सांगते. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर बाकीचं त्यांना विचारा, असंही सांगते.